तापाची लुपे

फिलेमुच्या तापाचा तिसरा दिवस होता आणि लुपेला काहीच वाटत नव्हतं. काहीच वाटत नाही याचं तिला थोडं नवल वाटलं, तेवढंच. मांडीवर दीड वर्षाची पोर तव्यासारखी तापलेली, आणि ही आपली समोरच्या नीरफणसाच्या झाडाखाली डुकरीण माती उकरते आहे ते बघत बसली होती. कुणी विचारलं असतं, बाई, भीती वाटते का, तर तिनं आधी डोकं खाजवलं असतं.

लुपे मूळची या गावची नव्हे. ती आमच्याच सवाई बेटाच्या दुसऱ्या टोकाची, लग्न होऊन इकडे आलेली. नवऱ्याच्या घरी नांदणाऱ्या बाईला आमच्याकडे दोन हात असतात, तोंड नसतं. सगळ्यांच्या आधी उठायचं, सगळ्यांच्या मागून जेवायचं, आणि थोरामोठ्यांची जेवणं चालली की शेजारी बसून पंख्यानं माश्या वारायच्या. नवरा लेवी न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेलेला. तो रविवारी फोन करायचा, आणि बायकोनं काहीही विचारलं तरी त्याचं उत्तर ठरलेलं असायचं, "आईला विचार." सासू टेलेसिया वाईट बाई मुळीच नव्हती. हसरी, धिप्पाड, नातीवर जीव टाकणारी. फक्त गोष्ट सांगायला बसली की तिला पुढचंमागचं भान राहत नसे, आणि सगळा घोळ त्या गोष्टींनीच केला होता.

झालं होतं असं. फिलेमु सहा महिन्यांची असताना तिला पहिल्यांदा ताप आला. लुपे घाबरली, एका पायात चप्पल घालून रस्त्यावर धावली, बस थांबवली आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात जाऊन हंबरडा फोडला. पोर तिथे खिदळत होती. नर्सनं तिला तपासलं, अंगावरची दोन पांघरुणं काढून बाजूला टाकली आणि लुपेला पाणी पाजलं.

"हे बघ पोरी," नर्स म्हणाली, "लहान मुलाला ताप येतो. अगदी तान्ह्याला आला, दोन-तीन महिन्यांच्या आतल्या, तर पळत ये. पण ही आता मोठी झाली. किती चढला याला भिऊ नकोस, लेकराकडे बघ. पितंय ना? लघवी होतेय? तुला ओळखतंय? मधूनमधून खेळतंय? मग घरी ठेव. अंगावर पातळ कपडा, सारखं पाजत राहा, हे औषध वजनाच्या मापानं दे, आणि गार पाण्यानं अंघोळ घालू नकोस. पण पिणं थांबलं, लघवी थांबली, श्वास घेताना बरगड्या आत जायला लागल्या, हाक मारली तरी नीट बघेना, तर मग कुणाला विचारत बसू नकोस. उठायचं आणि यायचं."

इतकं चांगलं कुणी समजावून सांगत नाही. लुपे सगळं पाठ करून आली. पण गावात तिच्याआधी तिची गोष्ट पोचली होती. चटया विणायला चर्चच्या बायका जमल्या तेव्हा टेलेसियानं सुनेची ती धाव उभं राहून करून दाखवली, एक चप्पल घालून, लंगडत, "माझी पोर गेली हो!" असं किंचाळत. बायका हसून हसून लोळल्या. तेव्हापासून तिचं नाव पडलं तापाची लुपे. कोंबडी शिंकली तरी कुणीतरी म्हणायचं, "लुपेला बोलवा, बस थांबवेल." लुपेही सगळ्यांबरोबर हसायची. आत कुठेतरी एक दार तिनं तेव्हाच लावून घेतलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. हिनं पिणंच सोडलं.

या वेळच्या तापाचे पहिले दोन दिवस तिनं सगळं नर्सनं सांगितलं तसं केलं. शहाळ्याचं पाणी चमच्यानं पाजलं, औषध मापानं दिलं. सासू पांघरूण घालायची, ही सासूची पाठ वळली की काढायची. पोर किरकिरत होती पण पीत होती, आजीच्या कानातलं ओढत होती. टेलेसिया खूश होती. "बघ," ती शेजारणीला म्हणाली, "आमची सून आता शिकली. तोंडातनं शब्द नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळपासून फिलेमुनं चमचा तोंडात घेतला नाही. पाणी ओठांवरून गळ्यावर उतरायचं. ढुंगणाखालचं फडकं कोरडं ते कोरडंच राहिलं. लुपेनं ते हातात घेऊन चाचपलं आणि घडी करून परत ठेवलं. तिला माहीत होतं. आपल्याला माहीत आहे हेही तिला माहीत होतं. पण ते कळणं डोक्यातल्या डोक्यात राहिलं, खाली हातापायांत उतरलंच नाही.

जेवणानंतर टेलेसियानं सेगी आजीला बोलावणं धाडलं. सेगी आजी तेल आणि पाला लावून चोळते, गावातली निम्मी पोरं तिच्या हाताखालून गेलेली. तिनं फिलेमुचं पोट, पाठ, तळपाय चोळले, पाल्याचा रस टाळूवर घातला आणि डोळे मिटून बराच वेळ बसून राहिली.

"हा आपल्यातला आजार आहे, गोऱ्यांच्या औषधाचा नव्हे," ती म्हणाली. "आज सुई टोचू नका. दोन्ही औषधं एकमेकांना भिडतात नि मधल्यामधे लेकरू जातं. उद्या सकाळी मी परत येते."

"उद्या कशाला, आत्ताच बघा की," टेलेसिया म्हणाली. "कशी शांत झोपली माझी बाय. दोन दिवसांत डोळा नव्हता लागला."

लुपेनं तोंड उघडलं. "आई, ही सकाळपासून…"

"काय गं?" टेलेसियानं डोळे मिचकावले. "बस थांबवू का?"

सेगी आजी तोंडाला हात लावून हसली. शेजारीण हसली. लुपेही हसली, सवयीनं. मग ती उठली, आजीसाठी कोको करायला गेली आणि कोको ढवळता ढवळता तिला वाटलं की आपण कुठलीतरी दुसरीच बाई लांबून बघतो आहोत. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते काही खोटं नाही. पण भीड पडते तेव्हा ती भीड वाटत नाही, चांगलं वळण वाटतं.

दिवस कलला आणि गावाची घंटा झाली. आमच्या गावाची घंटा म्हणजे झाडाला टांगलेली गॅसची रिकामी टाकी, तिच्यावर लोखंडी दांडक्यानं ठोकतात. ती वाजली की 'सा' लागते. घराघरात प्रार्थना सुरू होते, आणि पुन्हा घंटा होईपर्यंत रस्त्यावर चिटपाखरू दिसता कामा नये. सरदार, म्हणजे गावातल्या घराण्यांचे प्रमुख, रस्त्याच्या कडेनं राखण करत बसतात. आमच्या बाजूला म्हातारा तोगिआ असायचा, जुन्या टायरवर बसलेला, गुडघ्यावर काठी. या तोगिआनं सामध्ये सायकलवरून आला म्हणून सख्ख्या मेव्हण्याकडून दंडाचं डुक्कर वसूल केलं होतं, आणि वर ते भाजलं तेव्हा दोनदा वाढून घेतलं होतं. लुपेच्या माहेरी तर सा याहून कडक. तिच्या आईनं लहानपणी सांगितलं होतं, सामध्ये चालणाऱ्याचं घर मान खाली घालून जगतं.

टेलेसियानं स्तोत्र सुरू केलं. तिचा आवाज मोठा आणि गोड होता, आणि तिच्या प्रार्थना लांबलचक. आधी पाळकासाठी, मग सरकारासाठी, मग न्यूझीलंडच्या सफरचंदांसाठी, मग फिलेमुसाठी, अगदी मनापासून, रडत. लुपे पोरीला मांडीवर घेऊन खांबाला टेकून बसली होती. फिलेमुचा श्वास भराभर चालला होता. प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या खाली खळगा पडत होता. मग तिनं डोळे उघडले. लुपेनं वाकून आपला चेहरा तिच्यासमोर नेला. पोरीची नजर आईच्या चेहऱ्यावरून सरकत गेली, खांबावरून, छपरावरून, कुठेच न थांबता, आणि डोळे परत मिटले.

लुपे उठली. हिंमत वगैरे काही आली नव्हती. पाय उठले, म्हणून तीही उठली. टेलेसियाचं "हे प्रभो" अर्ध्यावर राहिलं, पण तिनं डोळे उघडले नाहीत. लुपे चटईवरून उतरली, अंगणातले दगड ओलांडून गेली आणि मोकळ्या रस्त्यावर येऊन चालायला लागली. दोन्ही बाजूंच्या घरांतून स्तोत्रं ऐकू येत होती.

"ए! कोण ते?" तोगिआ टायरवरून उठला, काठी पुढे धरून. "सा लागलीये, ऐकू आलं नाही?"

लुपे थांबली नाही.  तिनं फक्त पोर पुढे केली. फिलेमुचा हात खाली लोंबत होता.

तोगिआनं पाहिलं आणि काठी तिथेच टाकली. "देवा रे. अगं, कधीपासून अशी आहे?"

"दुपारपासून. त्याच्याही आधीपासून."

"मग आत्ता येतेस?"

"सा…" लुपे म्हणाली.

"खुळी का काय तू? आजारी लेकराला कसली सा! माझ्या बापाच्या वेळीही नव्हती. एक शब्द टाकायचास, मी गाडी दारात आणली असती." तो ओरडतच आपल्या पिकअपकडे पळाला. त्या वयात त्याला पळताना गावानं कधी बघितलं नव्हतं, आणि आता बघायला रस्त्यावर कुणी नव्हतं.

दवाखान्यात नर्स दुसरीच होती. तिनं फार विचारलं नाही. ऑक्सिजनची नळी लावली, डॉक्टरला हाक मारली. छातीत न्युमोनिया, आणि अंगातलं पाणी आटलेलं. सलाइनसाठी शीर सापडेना. एका हाताला सुई टोचली, दुसऱ्या हाताला टोचली, पोर हूं की चूं करेना. तिसऱ्यांदा पायाला टोचली तेव्हा फिलेमुनं अंग आखडलं आणि बारीक, फाटक्या आवाजात रडली. "शाब्बास," नर्स म्हणाली, "रड, रड अजून." लुपे भिंतीशी उभी होती. तिनं ते रडणं ऐकलं आणि आता मला काहीतरी वाटेल म्हणून वाट बघितली. काही वाटलं नाही.

सकाळी पहिल्या बसनं टेलेसिया आली. हातात अळकुड्या, शिजवलेला मासा, स्वच्छ फडकी, आणि चटई. तोवर फिलेमुनं दोन चमचे पाणी घेतलं होतं, एक फडकं ओलं केलं होतं. डॉक्टर सांगून गेला होता की पोर वाचेल, पण अजून काही दिवस राहावं लागेल, आणि आदल्या सकाळीच आणली असती तर इतकं झालं नसतं.

टेलेसिया खाटेपाशी खाली बसली. नातीच्या पायाची पट्टी बघितली, तो पाय हातात धरला आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.  

"तू काही बोलली का नाहीस गं?" ती म्हणाली. "मला कुठलं कळतंय यातलं? माझ्या वेळी नर्स होती कुठे? शिकून तू आलीस. मी आपली दिवसभर तुझ्या तोंडाकडे बघत होते. सेगी काय म्हणाली ते ऐकलं, पण बघत तुझ्याकडे होते. तू एवढी शांत. कोको काय केलास, हसलीस काय. म्हटलं, त्या वेळी नुसत्या तापाला हंबरडा फोडणारी ही, आज एवढी गप्प आहे, म्हणजे पोर बरी असणार. मी तुझ्या भरवशावर होते, पोरी."

  लुपे खाली बसली, तिनं टेलेसियाचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला, इतका की म्हातारी कळवळली. लुपेचे दात वाजत होते. कालची भीती, सगळीच्या सगळी, आत्ता तिच्या अंगात उतरली होती.

"आई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज सबंध वॉर्डात ऐकू गेला, "माझ्या तोंडाकडे नका बघू. पुन्हा कधी नका बघू. पोरीकडे बघा."

पलीकडच्या खाटेवरच्या बाईनं वळून पाहिलं. लुपेनं आवाज खाली आणला नाही, आणि टेलेसियानंही तिला आणायला सांगितलं नाही.