गळवाल्या माशाचा नवरा

आमच्या घरात एक शब्द तोंडातून काढायला बंदी आहे: घरजावई. आजोबांना मुलगा नव्हता, म्हणून बाबा, म्हणजे हिरामण, लग्नानंतर आईच्या, म्हणजे मंदाच्या, माहेरी राहायला आले. भिवंडीच्या खाडीकडचं हे घर, मागची शेतजमीन, सगळं आईकडचं. आता त्या जमिनीवर गोदामं आहेत, बाबांना गावात मानही आहे; पण कोणाच्याही हळदीत जरा रंग चढला की कोणीतरी 'मंदाचा हिरामण' असं म्हणतंच. बाबा हसतात आणि घरी येऊन जेवत नाहीत. म्हणूनच त्यांनी आम्हा दोघा भावंडांना बजावून ठेवलं होतं, माझा पोरगा बायकोच्या दारात राहायला जाणार न्हाय.

आणि माझा भाऊ मितेश नेमका तिथेच निघाला होता. त्याची ठरलेली बायको उन्नती अंबाडी गावची, पण नोकरी कोचीला. खोल समुद्रातल्या माशांची कुळं ठरवायची, हे तिचं काम. मितेश गोदामांच्या गाड्यांचं वेळापत्रक लॅपटॉपवर लावतो, ते कुठूनही लावता येतं. लग्नानंतर त्यानेच कोचीला जायचं, हे दोघांनी ठरवलं होतं. बाबांना सांगायचं तेवढं राहिलं. आज सांगतो, उद्या सांगतो करत ह्या गाढवाने उन्नतीची माणसं घर बघायला येण्याचा दिवस उजाडू दिला. मी बहीण आहे म्हणून गप्प बसले, नाहीतर सकाळीच त्याचे कान उपटले असते.

उन्नती आणि तिचे वडील केसरीनाथ आले. चहा झाला. बाबांनी विचारलं, "पोरी, तू मासं बघतेस म्हंजे नक्की काय करतेस?"

तिने मोबाइलवर फोटो दाखवला. काळाकुट्ट मासा, सुपाएवढं तोंड, कपाळावर गळ आणि गळाच्या टोकाला दिवा. बाबांचं लहानपण खाडीत गेलेलं. त्यांनी मोबाइल दोन्ही हातांनी धरला, फोटो मोठा केला आणि माशाच्या पोटाखाली बोट ठेवलं.

"हिचं पिल्लू चिकटलंय बघ."

"काका, शास्त्रज्ञांनाही आधी पिल्लूच वाटलं होतं," उन्नती म्हणाली. "कापून बघितल्यावर कळलं. तो तिचा नवरा आहे."

केसरीनाथकाका मोकळ्या मनाचे. मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हंजे आमचे जावईबापू! ते बी कोचीला जाऊन असेच चिकटणार!"

हसले ते एकटेच. मितेशचा चेहरा पांढराफटक पडला. आईने हातातली बशी खाली ठेवली. बाबांनी मितेशकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. झालं, मी मनात म्हटलं, मोडलं लग्न.

पण बाबा ओरडले नाहीत. फोटोकडे बघत त्यांनी उन्नतीला विचारलं, "चिकटल्यावर त्याचं काय होतं?"

मितेश तिला डोळ्यांनी विनवत होता, काहीतरी गोड सांग म्हणून. तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. "तो तिला चावतो. मग त्याचं तोंड तिच्या कातडीत मिसळतं. तिचं रक्त त्याच्यात फिरतं. डोळे झडतात, पर झडतात. हवं तेव्हा बीज द्यायचं, तेवढं त्याचं काम उरतं."

"आणि नाव तिचंच."

"हो. वेगळा असा तो दिसतच नाही."

बाबांनी फोटोवरून नजर वर केली. "सगळ्यांचं असंच?"

"नाही काका. ह्या माशांची अकरा कुळं आहेत. कायमचे चिकटणारे थोड्याच कुळांत. बाकीच्यांत नर तेवढ्यापुरता धरतो आणि पोहत निघून जातो."

"निघून जातो?" आता केसरीनाथकाका सरसावून बसले. "म्हंजे पोरीला टाकून?"

घ्या! एक बाप मुलगा हरवेल म्हणून घाबरलेला, दुसरा मुलीला कोणी टाकेल म्हणून. आणि ही बाई खरं बोलायचं काही सोडेना. मला तिचा रागही आला आणि ती आवडलीही.

बाबांनी विचारलं, "तो चिकटणारा... त्याला ती भेटलीच न्हाय तर?"

"मरतो. त्याला धड पोटच नसतं, खाताच येत नाही. लहानपणी साठवलं असेल त्यावर तिला शोधत फिरायचं, बस. ती भेटली, तर ती जगते तोवर तोही जगतो."

बाबांनी मोबाइल हळूच तिच्या हातात दिला. मग आईकडे वळले. मी बाबांना रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हाही ते रडले नाहीत, पण डोळे भरले होते.

"मंदे, मी आलो तवा माज्याकडं एक पत्र्याची पेटी होती. घरात भावाभावांची मारामारी, खायाचे वांधे. तुज्या बापानं दार उघडलं नसतं तर मी कुठं असतो?" मग केसरीनाथकाकांकडे बघून त्यांनी तो शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारला. "पावणं, मी घरजावई हाय. ह्या घरात. सांगून ठेवतो, मागनं कळाया नको."

"आमाला अंबाडीत पयलेच ठावं होतं," काका म्हणाले. "ज्यानं सासऱ्याची जमीन राखली त्याचा पोरगा पोरीला टाकणार न्हाय, म्हणून तर आलो."

बाबा मितेशकडे वळले. "जा कोचीला. पण डोळे झडू देऊ नको. गणपतीला घरचा रस्ता दिसला पायजे."

मितेश मटकन खाली बसला आणि त्यांचे पाय धरून लहान पोरासारखा हसायला लागला. मला इतकं हलकं वाटलं की त्याचे कान उपटायचे राहूनच गेले.

जेवायला बसलो. बाबा अजून भरल्या डोळ्यांनी ताटाकडे नुसते बघत होते. आयुष्यभर त्या शब्दावर एक अक्षर न बोललेल्या आईने रावसाची सगळ्यात मोठी तुकडी त्यांच्या ताटात वाढली.

"जेवा आता," ती म्हणाली. "तुमाला पोट हाय."