सांडलेल्या दुधाचं नाव

परळच्या त्या हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावर एक खोली होती. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या आया दर तीन तासांनी तिथे येऊन वाटीत दूध काढायच्या. बाळं पलीकडे काचेच्या पेट्यांत. त्यांना ओढून प्यायची ताकद नव्हती, म्हणून नळीने पाजायचं. दीपिकाचा आज अठरावा दिवस होता. लालबागहून सकाळी यायचं, रात्री जायचं. दमलेय असं म्हणायचाही आता कंटाळा आला होता.

तिच्या सव्वा किलोच्या मनवाला एका वेळेला बारा मिलिलिटर दूध लागायचं. दीपिकाच्या वाटीत अर्ध्या तासात चार जमलं होतं.

"दीपिका, त्या फॉर्मवर सही करतेस की नाय?" फ्लोरी सिस्टर दारातून म्हणाल्या. "दुधाच्या बँकेत दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध आहे. पोरीला भुकेलं कशाला ठेवतेस?"

"बघते, सिस्टर."

सकाळपासून तिसऱ्यांदा ती हेच म्हणत होती. बाळाचं बाकी सगळं डॉक्टर आणि नर्सच बघत होते. आईच्या वाट्याला दूध तेवढं आलं होतं, आणि तेही दुसऱ्या बाईचं आणायचं? तिच्या अगदी जिवावर आलं होतं.

शेजारच्या खुर्चीत अँटॉप हिलची चंपा बसायची. तिची वाटी बघता बघता भरायची. दीपिकाला तिचा मनापासून राग यायचा, आणि त्याची लाज वाटण्याइतकंही त्राण अंगात नव्हतं.

मांडीवरचा फोन थरथरला. ती ज्या मुलांच्या मासिकात लिहायची, त्याच्या संपादकबाई. आकाशगंगेला तिचं नाव कसं मिळालं, ते पान त्यांना आज हवंच होतं. दीपिका एका हाताने टाइप करू लागली.

"काय लिहिता ताई एवढं?" चंपाने विचारलं.

"गोष्ट आहे. आपली पृथ्वी ज्या ताऱ्यांच्या घोळक्यात आहे ना, त्याला आपण आकाशगंगा म्हणतो. गावाकडे अंधारात पांढरा पट्टा दिसतो, तो. इंग्रजीत त्याला दुधाची वाट म्हणतात."

"दुधाची का?"

दीपिकाने सुस्कारा सोडला. "ग्रीक लोकांचा देवांचा राजा होता. बाहेरच्या एका बाईपासून त्याला मुलगा झाला. राणीचं दूध प्यायला तर पोर अमर होईल म्हणून ती झोपलेली असताना त्याने ते तिच्या छातीशी लावलं. तिला जाग आली. परक्याचं पोर बघून तिने ढकललं, आणि दूध आभाळभर सांडलं. गॅलक्सी हा शब्दसुद्धा त्यांच्या भाषेतल्या दुधाच्या शब्दावरूनच आलाय."

चंपाने हातातली वाटी खाली ठेवली.

"मग पोराचं पोट भरलं का?"

दीपिकाने फोनकडे बघितलं. चार ठिकाणी वाचून ती ते पान लिहीत होती. "ते कुठे दिलेलं नाही," ती म्हणाली. "राणीला राग आला एवढंच आहे."

"झोपेतून उठवल्यावर कुणालाही येईल की. नीट विचारलं असतं तर पाजलं असतं तिने."

दीपिकाला हसू आलं. इतक्या दिवसांत या बाईला आपण साधं काही विचारलं नाही, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. "तुझं बाळ कसं आहे गं?"

"रविवारी गेला."

आज बुधवार होता.

"दूध थांबत नाही ना," चंपा म्हणाली. "डॉक्टर मॅडम बोलल्या, बंद करायची गोळी देते. मी म्हटलं, राहू दे. इथे एवढी पोरं आहेत. येतंय तोवर बँकेत देते."

तिने वाटी झाकून सिस्टरांच्या हातात दिली. दीपिका उठली, त्यांच्याकडून फॉर्म मागून घेतला आणि भिंतीला टेकवून सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं.

थोड्या वेळाने नळीतून बारा मिलिलिटर दूध मनवाच्या पोटात गेलं. दीपिका खोलीच्या दारात परत आली. चंपा पिशवी आवरत होती.

"माझ्या मनवाला बघायला येतेस?"

चंपाने काचेकडे बघितलं आणि पदर खांद्यावर ओढून घेतला.

"आज नको ताई," ती म्हणाली. "उद्या येतेच आहे मी."