नजरेच्या कडेला बहावा

अश्विनी लग्न होऊन विंझरला आली तेव्हा घरापुढचं अंगण नुसतं बोडकं होतं. उन्हाळ्यात माती अशी तापायची की कोंबड्यासुद्धा भिंतीच्या सावलीला चिकटून चालायच्या. तिचं माहेर किकवीचं. तिथं शाळेच्या वाटेवर एक बहावा होता, आणि तो फुलला की त्याच्याखाली उभ्या पोरींचे चेहरेसुद्धा पिवळे दिसायचे. एकदा माहेराहून परतताना तिनं त्याची लांबलचक काळी शेंग पिशवीत घालून आणली. बिया दगडावर घासल्या, कोमट पाण्यात भिजवल्या आणि अंगणात मधोमध पेरल्या. त्यातली एकच जगली.

सासऱ्यांना, कोंडिबांना, ते काही रुचलं नाही. त्या जागेवर त्यांच्या मनात आंबा होता.

"ह्येला खायचं फळ न्हाई, जनावर पाल्याला तोंड लावत न्हाई. नुसत्या फुलांचं करायचं काय?"

"मामंजी, एक झाड बघायपुरतं असू द्या की," अश्विनी म्हणाली.

एका दुपारी त्यांनी रेडकू नेमकं रोपाशेजारी बांधलं आणि रेडकानं शेंडा तुडवून टाकला. अश्विनीनं करवंदीच्या काटेरी फांद्या आणल्या आणि रोपाभोवती कुंपण केलं. एरवी दोघांचं चांगलं होतं. ती त्यांना गरम भाकरी तव्यावरून ताटात वाढायची, ते तिच्यासाठी रानातून अळंबी आणायचे. फक्त झाडाचा विषय तेवढा दोघंही टाळायची.

झाड कौलांच्या वर गेलं तरी फुलायचं नाव घेईना.

मग कोंडिबांची नजर गेली. भाताच्या खाचरातून चालता चालता बांध सोडून ते खालीच उतरले, तेव्हा घरच्यांच्या ध्यानात आलं. अश्विनीचा नवरा हनुमंत त्यांना पुण्याला घेऊन गेला. डोळ्यामागचा पडदा झिजलाय, गेलेली नजर आता परत यायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. कोंडिबा घरी आले आणि कोयता आढ्याला खोचून ओट्यावर बसले, ते बसलेच. माणूस ओळखायचे ते आवाजावरून.

यंदा वैशाखात अश्विनी सकाळी झाडू घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्यातच थबकली. फांदीफांदीला पिवळी झुंबरं लोंबत होती. पानं जणू कुणी रातोरात उतरवून नेली होती. ऊन त्या फुलांतून झिरपून खाली येत होतं आणि सारं अंगण मधात बुडाल्यासारखं वाटत होतं. रांजणातल्या पाण्यावर पाकळ्या, म्हशीच्या पाठीवर पाकळ्या. भुंग्यांचा एकसुरी गुणगुणाट कानात भरला आणि आपण जागे आहोत की अजून अंथरुणातच, हे तिला क्षणभर कळेना. झाडायचं राहूनच गेलं.

कोंडिबांना तिनं सांगितलं, तर त्यांनी बाज झाडापाशी टाकायला लावली. तिला बरं वाटलं. पण बसले ते तोंड गोठ्याकडे करून. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. शेजारच्या रतनबाई म्हणाल्या, "म्हातारा अजून रुसलाय गं तुझ्या झाडावर."

अश्विनीला ते फार लागलं. चहा देताना तिला राहवलं नाही. "मामंजी, इतक्या वर्षांनी फुललंय. एकदा तरी बघा की तिकडं." बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली.

कोंडिबा हसले. "बघतोयच की. सकाळधरनं दुसरं काय करतोय?"

"पण तुमचं तोंड तर गोठ्याकडं."

"समोर बघितलं की मधी नुसतं धुकं. तुझ्याकडं बघितलं तर तुझं तोंडच जातंय. पर गोठ्याकडं मान केली, की उजव्या कानाच्या बाजूनं समदं पिवळं आत येतंय. वारं सुटलं की हालतंय. लई ब्येस दिसतंय, पोरी."

अश्विनी बाजेच्या कडेला टेकली. तिनंही मान गोठ्याकडे वळवली. झाडाला आता ना फांद्या राहिल्या ना पाकळ्या; नुसता एक पिवळा डोह डोळ्यांच्या कडेला हेलकावत होता.

"तुझी साडी निळी हाय न्हवं?" कोंडिबांनी गोठ्याकडंच बघत विचारलं.

"व्हय," ती म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

बहर ओसरला तसे कोंडिबा बेचैन झाले. "आता फुडं काय फुलायचं?" असं रोज विचारायला लागले. तेव्हा दुसरं फुलझाड आणायला ज्येष्ठात सासरा-सून एसटीनं वेल्ह्याला गेली. तोरणा ढगात होता. रोपवाटिकेत अश्विनी एकेक रोप दाखवायची आणि कोंडिबा दरवेळी तोंड फिरवून डोंगराकडे बघायचे. रोपं विकणारा सोमनाथ शेवटी हिरमुसला. "आजोबा, एकबी पसंत न्हाई व्हय?"

"त्ये जांभळं द्या," कोंडिबा म्हणाले. "आत्ता डाव्या अंगाला धरलंय त्ये."

ते तामण होतं; कमरेएवढं, शेंड्याला फुलांचा एकच तुरा. परतीच्या एसटीत कोंडिबांनी ते कुणाला धरू दिलं नाही. विंझरला उतरल्यावर हनुमंत टिकाव घेऊन गोठ्याकडं निघाला, तसे ते ओरडले, "आरं, तिकडं नको! तिकडं मला तोंड करायला मोकळं पायजे."

मग बाजेच्या डाव्या हाताला त्यांनी स्वतः बसून माती चाचपली आणि अश्विनीला म्हणाले, "हितं खण. माती मऊ हाय."