लपाछपीचा तिसरा भाग

मित्रांनो, तुम्ही मला सीडी म्हणा नाहीतर डिस्क म्हणा, मी आता जुनी झाले आहे एवढं खरं. अंधारात लपतछपत खेळायच्या एका व्हिडिओ गेमचे बरेच भाग निघाले, त्यातला मी तिसरा. कारखान्यात माझ्यासारख्या हजारो निघाल्या आणि चहूकडे पांगल्या. माझ्या नशिबी एका वॉचमनचं घर आलं.

हा भला माणूस रात्री गोदामावर पहारा करायचा आणि दिवसा झोपायचा. संध्याकाळी कामावर निघण्याआधी तो आणि त्याची मुलगी टीव्हीपुढे बसत. तिच्या पावलांचा आवाज होत नसे, म्हणून तो तिला मनी म्हणे. आमच्या गेममध्ये एक चोर असतो. पहारेकऱ्यांची नजर चुकवत त्याने पुढे सरकायचं. नाहीच जमलं तर मागून जाऊन पहारेकऱ्याला आडवं करायचं. नेमकं हेच बापाला खपेना. तो बिचारा ड्युटीवर आहे, त्याचं काय चुकलं, असं म्हणून तो सरळ मशीन बंद करायचा.

त्यामुळे कोणता भाग खेळायचा हा त्या घरात मोठाच प्रश्न होऊन बसला. पहिल्या भागात सुरुवातीलाच एकाला पाडल्याशिवाय दार उघडत नसे. दुसऱ्यात म्हातारा पहारेकरी मरतोच, तुम्ही काहीही करा. चौथ्यापासून पुढे तर नुसती हाणामारी. बापलेकींनी जुन्या गेमच्या दुकानात सगळे डबे उलटेपालटे करून पाहिले. शेवटी दुकानदारच कंटाळून म्हणाला की तिसरा न्या, त्यात कुणाच्या केसालाही धक्का न लावता शेवटापर्यंत जाता येतं. सगळ्या बहिणींना नाकारून त्यांनी मला पसंत केलं होतं. मी काय हवेत होते म्हणून सांगू!

त्यांची खेळायची रीतही न्यारी. कंट्रोलर मनीच्या हातात आणि पहारेकऱ्यांवर नजर बापाची. पहारेकरी वळायच्या जरा आधी तो ‘थांब’ म्हणे, पाठ फिरली की ‘चल’. चुकून एखाद्याला धक्का लागला, तर तो टप्पा पुन्हा पहिल्यापासून. आमची गाडी गोगलगाईच्या चालीने चालली होती, पण त्या खोलीत हसणं मात्र भरपूर होतं.

शेवटचा टप्पा तेवढा राहिला आणि मनीला शिकायला परगावी जावं लागलं. मी येईपर्यंत एकट्याने खेळायचं नाही, असं तिने बापाला बजावलं. त्याने शब्द दिला आणि तिच्याकडूनही घेतला. निघताना तिने मला डब्यातून काढून बॅगेत टाकलं आणि रिकामा डबा जागच्या जागी ठेवला. मला वाटलं, घराची आठवण म्हणून नेते आहे.

हॉस्टेलवर एका मैत्रिणीकडे मशीन होतं. मनीने पहिल्यापासून डाव मांडला. आधी ती जपून चालली, पण मैत्रिणींना कुठला धीर! “अगं, पाड ना त्याला,” म्हणून त्या मागे लागल्या. तिने एकाला पाडलं. मग दुसऱ्याला. मग दिसेल त्याला पाडत सुटली आणि पाहता पाहता शेवट गाठून मोकळी झाली. मित्रांनो, माझा फार विश्वासघात झाला. ज्या कारणासाठी मला निवडलं, त्यालाच तिने लाथाडलं होतं.

सुट्टीत ती घरी आली आणि बाप चहा टाकायला आत गेल्यावर तिने मला गुपचूप डब्यात सरकवलं. त्याने मुद्दाम रजा घेतली होती. मोह नको म्हणून डबा उघडलासुद्धा नाही, फक्त पुसत होतो, असं तो कौतुकाने सांगत होता.

शेवटचा टप्पा सुरू झाला. पहारेकरी कोपऱ्यावरून वळणार म्हणून बापाने तोंड उघडलं, तोवर मनी थांबलीसुद्धा होती. तो ‘चल’ म्हणेपर्यंत ती पुढच्या खोलीत. असं पुन्हा पुन्हा झालं, तसा तो बोलायचा थांबला.

“कधी खेळलीस?” त्याने विचारलं.

“हॉस्टेलवर,” ती खाली मान घालून म्हणाली. “मैत्रिणी होत्या बरोबर.”

“आणि वॉचमन?”

“पाडले सगळे. बाबा, खेळच आहे ना तो?”

“हो, खेळच आहे,” बाप म्हणाला. रजा असूनही त्याने युनिफॉर्म चढवला आणि कामावर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मनीने दुकानातून बाकीचे भाग आणले, त्याच्यापुढे मांडले आणि यातला कोणता खेळू या म्हणून लाडीगोडी लावली. “तुला हवा तो लाव, मी नुसता बसतो,” तो म्हणाला. तिने पाचवा लावला. पहिल्याच खोलीत पहारेकरी तिच्या मागून आला. बापाला तो दिसत होता. तो काहीच बोलला नाही आणि ती पकडली गेली.

मित्रांनो, डिस्क मऊ फडक्याने पुसा, उन्हात टाकू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतील. माझ्या अंगावर अजून एकही ओरखडा नाही. माझं मागणं निराळं आहे. शेजारी बसून कुणी तुमच्यासाठी डोळ्यांत तेल घालून बघत असेल, तर त्याला मागे टाकून एकट्याने शेवट गाठू नका. आणि गाठलाच, तर परत येऊन त्याच्या शेजारी काही ठाऊक नसल्याचं सोंग तरी करू नका.