खडी टाळणारं गिऱ्हाईक

माझ्या हातचा एक बूट मालकाच्या आधी घरी पोचला होता, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. मीच सांगितलंय. चपला-बूट दुरुस्तीच्या दुकानात हात गुंतलेले असतात आणि तोंड मोकळं. मग ते रिकामं का ठेवायचं? गिऱ्हाईक टाच बसवायला येतं आणि गोष्ट संपेना म्हणून दुसऱ्या पायातलाही बूट काढून देतं.

हे बायकोच्या धाकट्या भावाला खुपायचं. मास्तर माणूस. उभ्या हयातीत खोटं बोलला नाही, आजारपणाच्या रजेच्या अर्जातसुद्धा. बायकोची हौस म्हणून आम्ही तिघं चार दिवस अभयारण्यात निघालो, तर याने वाटेतच विषय काढला.

"दाजी, वाघ बघून येतो म्हणून गल्लीभर दवंडी पिटलीत ना? नाही दिसला, तर दुकानातल्या गप्पा कायमच्या बंद. मुकाट्याने टाके घालायचे."

"आणि दिसला तर?"

"तुम्ही म्हणाल ते."

"मग माझ्या दुकानातल्या बाकावर बसून ती गोष्ट तू सांगायचीस. गिऱ्हाइकांना. रोज."

"अहो, जरा जीभ आवरा," बायको म्हणाली. पण शब्द गेला तो गेलाच.

जीपच्या तीन फेऱ्या कोरड्या गेल्या. हरणांच्या पाठी दिसल्या, मोर दिसले, एका रानडुकराने तर आमच्याकडे असं निरखून पाहिलं, जणू तिकीट त्यानेच काढलं होतं. मास्तर वहीत पक्ष्यांची नावं लिहायचा आणि मधूनच विचारायचा, "दाजी, गप्प बसायची सवय करताय वाटतं?" खरं सांगतो (हसू नका, कधीकधी सांगतो), मी प्रत्येक झुडपात पट्टे शोधायला लागलो होतो. गप्पा गेल्या की माझ्या दुकानात उरतो तो चामड्याचा वास.

शेवटची फेरी सकाळची. फाटक बंद व्हायला तासभर उरला असताना गाईडबाईंनी हात वर केला. जीप थांबली. वीस वर्षं जंगल तुडवलेल्या बाई; त्या वाकून रस्त्यावरच्या धुळीकडे बघू लागल्या. पंजांचे ठसे!

"आत्ताचेच आहेत. नर. पाणवठ्याकडे निघालाय."

"चला, चला!" मास्तर उठून उभा राहिला. पैज विसरला बिचारा.

खाली उतरायला बंदी, म्हणून मी जीपच्या कडेवरून अर्धा बाहेर लोंबकळलो. बायकोने मागून सदरा धरला. ठसे बघितले मात्र, मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

"बाई, पुढचा डावा पाय बघा. बाकीचे तीन खोल उमटलेत, हा नुसता टेकलाय. आणि टेकलाय तो बाहेरच्या कडेवर. या गिऱ्हाइकाच्या तळव्यात काहीतरी सलतंय."

"असेल. पण पाण्याला तर जाणारच ना?"

"पाणवठ्याची वाट कशी आहे?"

"खडीची. उताराची."

"मग नाही जायचा. तळवा दुखणारा माणूस खडीवर पाय ठेवत नाही. माझ्याकडे येणारे सगळे लांबचा वळसा घेतात, पण मातीवरून येतात. इथे मऊ जमीन कुठंय?"

"मागे ओढ्याची वाळू आहे," बाई घड्याळ बघत म्हणाल्या. "पण वेळ एकाच जागेपुरता आहे. ठरवा."

"पाणवठा!" मास्तर ओरडला. "दाजी काय, वाघाच्या चपलेचं मापसुद्धा सांगतील!"

सगळे बायकोकडे बघू लागले. तिने पदर खोचला.

"गाडी वाळूकडे घ्या. यांच्या तोंडावर मी लग्नापासून विश्वास ठेवलेला नाही. पण चालीवरून माणूस ओळखण्यात हे अजून चुकलेले नाहीत."

वळण घेतलं आणि बाईंनी श्वास रोखला. ओढ्याच्या मधोमध, पिवळ्याधमक वाळूत, तो बसला होता. डावा पंजा तोंडाशी धरून चाटत होता. मास्तरने दुर्बीण उलटी लावली आणि पुटपुटला, "अगं ताई, केवढासा आहे!"

वाघाने आमच्याकडे पाहिलं. मग पंजा दातांत धरून हिसका दिला आणि काटा काढून बाजूला थुंकला. उठला, डावा पाय टेकवून बघितला, पुन्हा टेकवला, नवा जोडा पायात घालून बघावा तसा. आणि आमच्या जीपपासून दहा हातांवरून ऐटीत निघून गेला.

बाईंनी मला हात जोडले. म्हणाल्या, "काका, वीस वर्षांत हे मला कोणी शिकवलं नव्हतं."

बायको माझा सदरा सोडायला विसरली.

आता रोज संध्याकाळी मास्तर माझ्या बाकावर बसतो आणि गोष्ट सांगतो. लोक पोट धरून हसतात. "मास्तर, तुम्हीसुद्धा? ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला!"

"अहो, खरंच! डोळ्यांनी पाहिलंय! दाजी, तुम्ही तरी सांगा ना!"

मी दोरा दातांत धरतो आणि नुसती मान हलवतो. पैज म्हणजे पैज. गोष्ट त्याची आहे.

पहिल्या दिवशी त्याने काटा बोटभर सांगितला, तेवढाच होता. परवा कान देऊन ऐकलं, तर वीतभर झाला होता.