घाण्याचा सोमवार

मित्रांनो, मी चिंचेच्या लाकडाचा जुना तेलघाणा आहे, आणि मला राग लवकर येतो हे आधीच सांगून टाकतो. चौलमध्ये भागोजी तेल्याच्या अंगणात माझे ठाण आहे. त्याच्या आजोबांनी मला घडवून घेतले. माझ्या उखळात तीळ पडायचे, आतले उभे लाकूड, म्हणजे लाट, फिरायची, बैल झापड लावून गोल चालायचा आणि रेवदंड्यापर्यंतचे दिवे माझ्या तेलावर जळायचे. पहाटे तेल्याचे तोंड दिसले की लोक अपशकुन म्हणून वाट बदलायचे. तिन्हीसांजेला तेच बुधली घेऊन आमच्या दारात उभे असायचे.

बैल महादेवाचा, म्हणून सोमवारी त्याला जुंपायचे नाही, असे आमच्या घरात सांगत. त्यावरूनच आमची पोटजात सोमवार तेली. किनाऱ्यावरचे यहुदी तेली शनिवारी घाणा थांबवत, ते शनवार तेली. माणसे विसाव्यावरून ओळखली जात आणि तो विसावा माझा होता. मला त्याचा भारी तोरा होता.

पुढे बैल गेला आणि मी थांबलो. तरी दर सोमवारी भागोजी मला कुंकू लावून बेलाचे पान वाहायचा. मग त्याच्या सुनेने, नूतनने, विजेचा घाणा आणला. समुद्रावरून तेल घ्यायला येणारे पर्यटक त्याच्यासोबत फोटो काढतात आणि माझ्यावर ओले टॉवेल टाकतात. माझा नुसता जळफळाट होतो.

एका सोमवारी किहीमच्या एका रिसॉर्टने ताजे तेल मागितले. नूतन बटणाकडे निघाली. मी मनात म्हटले, दाब बाई, दाब. सोमवार मोडला म्हणजे म्हातारा त्या उपऱ्या यंत्राचे तोंडही पाहणार नाही.

"आज न्हाय," भागोजी म्हणाला.

"बाबा, यंत्र हाय ते. ते काय दमतंय?"

"बैल तरी कधी बोलला, दमलो म्हणून? या घरात जो तेल गाळतो, त्याला सोमवार."

नूतनने हात मागे घेतला आणि फोन करून तेल उद्या देते म्हणून सांगितले. भागोजी कुंकू आणि बेल घेऊन आला. माझ्यावरून पुढे गेला आणि ते पान त्याने त्या यंत्रावर वाहिले.

पान गेल्याचे दुःख होतेच. पण म्हातारा बोलला ते खरे होते, ते जास्त झोंबले.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूला नुसते कुंकू लावू नका. मूठभर तीळ टाका, एखादा फेरा फिरवा. ज्याला काम असते त्यालाच सुट्टी मिळते. मला आता सातही वार सोमवारच आहेत.