पावाचा आळ

थेल्माने हाक मारली तेव्हा क्लाइव कुंपणाच्या अलीकडे चहाचा मग घेऊन उभाच होता. हाक मारली नसती तरी तो गेलाच असता म्हणा. शेजारी काही बिनसलं की सल्ला द्यायला हा गडी सगळ्यांच्या आधी हजर. बापाने कोंबड्या पाळल्या होत्या, एवढ्या भांडवलावर तो वॉरिक गावच्या त्या अख्ख्या गल्लीत कोंबड्यांचा जाणकार म्हणून मिरवायचा, आणि भल्या मनाचे लोक त्याला मिरवू द्यायचे.

मागच्या पडवीत, कपडे धुण्याच्या टाक्यात, कोमट पाण्यात छातीपर्यंत बुडून मिस फॉगर्टी बसली होती. मिस फॉगर्टी म्हणजे थेल्माची तपकिरी कोंबडी. नाव ठेवलं होतं थेल्माच्या भावाने, लायनेलने. लायनेलने उभा जन्म शाळेची बस चालवली, आणि त्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणे अश्शाच मान ताठ ठेवून एका डोळ्याने बघायच्या. आताशा लायनेलला सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नसे, म्हणून तर तो बहिणीकडे राहायला आला होता, पण बाई पक्क्या लक्षात होत्या. कोंबड्यांचं दाणापाणी त्याच्याकडे. सकाळी उठून टोपी घालून तो खुराड्याकडे असा निघायचा की बघणाऱ्याला वाटावं, बसच काढायची आहे.

"अंडं अडकलंय हिचं," थेल्मा म्हणाली. "किती दिवस झाले, अंड्याचं नाव नाही. नुसती पिसं फुगवून कोपऱ्यात बसते. पाण्यात मीठ घातलंय. शेक मिळाला की सुटतं म्हणतात."

"शेक, शेक. थोडं गाजर आणि कांदाही टाक," क्लाइव म्हणाला.

"तिच्यासमोर असलं बोलू नकोस," टॉवेल धरून उभा असलेला लायनेल म्हणाला. "तिला सगळं कळतं."

क्लाइवने बाह्या सरसावल्या, कोंबडी उचलली आणि शेपटीखालून पोट चाचपलं. मऊ होतं. अंडंबिंडं काही नव्हतं. मग त्याने गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपली. रात्रभर काही न खाल्लेल्या कोंबडीची ही पिशवी सकाळी रिकामी हवी, एवढं त्याला बापाने शिकवलेलं खरंच येत होतं. फॉगर्टीची पिशवी टणक गोळा झाली होती. त्याने अंगठ्याने दाबून पाहिलं आणि बोटांना लगेच कळलं. आत लांब, एकात एक गुंतलेलं काहीतरी होतं. गवत.

पाऊस पडून गेल्यावर त्याच्या अंगणातलं किकुयू गवत घोट्याच्या वर गेलं होतं. ते कापून, पाचोळ्याच्या ढिगावर टाकायचा आळस करून, त्याने सगळंच्या सगळं कुंपणावरून थेल्माच्या कोंबड्यांपुढे ओतलं होतं. ओतताना शीळही घातली होती, कोंबड्या धावत येतात म्हणून. सगळेच असं करतात. पण गवत लांब आणि चिवट असलं की ते कोंबडीला पचत नाही, पिशवीत दोरखंड वळला जातो, हेही त्याला बापानेच सांगितलेलं होतं.

थेल्मा त्याच्या तोंडाकडे बघत होती. जाणकाराचं तोंड ते. क्लाइवच्या तोंडून शब्द निघाला, आणि तो कुठून निघाला हे त्याचं त्यालाही नंतर सांगता आलं नसतं.

"पाव," तो म्हणाला. "पिशवीत पाव फुगलाय. कणीक होऊन बसली आहे आत. पोटात काही उतरतच नाही, मग अंडं कशाचं घालणार ती?"

थेल्माने हळूच भावाकडे मान वळवली. न्याहारीच्या टोस्टच्या कडा खिशात घालून नेतो तो, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"लायनेल, तू हिला पाव घातलास?"

लायनेल बराच वेळ विचार करत राहिला. बघवत नव्हतं ते. रिकाम्या फडताळात हात घालून चाचपडणाऱ्या माणसासारखा तो आपल्या डोक्यात शोधत होता, आणि क्लाइव समोर कोंबडी धरून गप्प उभा होता.

"घातला असेन, थेल," शेवटी तो म्हणाला. "मला आठवत नाही. पण क्लाइव म्हणतो तर घातलाच असेन."

बस्स. एवढ्यावर क्लाइवने तोंड उघडलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण त्याने गोडं तेल मागितलं, कोंबडीच्या चोचीत थेंबथेंब सोडलं, गळा चोळून दाखवला, वर पाव किती वाईट यावर छोटंसं व्याख्यानही दिलं. घरी गेल्यावर त्याला चहा जाईना.

दुसऱ्या दिवशी खुराड्याच्या दाराला कुलूप दिसलं. लायनेल टोपी घालून जाळीबाहेर उभा होता आणि आतल्या धडधाकट कोंबड्यांशी बोलत होता.

"मला आत जायची मनाई आहे," तो क्लाइवला म्हणाला. "मी बाईंना पाव घातला. फार वाईट केलं मी."

"अरे, होतं असं," क्लाइव म्हणाला. होतं असं. मेल्याची जीभ झडली कशी नाही.

थेल्मा कपडे वाळत घालायला बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. "टेकडीवरच्या त्या वृद्धाश्रमात फोन केला मी," ती हलक्या आवाजात म्हणाली. "आधी येऊन बघून जा म्हणाले. इतके दिवस मी टाळत होते, क्लाइव. पण त्याला कोंबडीचं काय करावं ते उमजत नसेल तर उद्या गॅस उघडा टाकेल, मी काय करू? तू दाखवलंस म्हणून माझे डोळे उघडले. तुझे उपकारच आहेत."

क्लाइवला कानकोंडं झालं. भुई फाटून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. आता सांगावं, आत्ता, हा टॉवेल वाळत घालून होईपर्यंत. पण थेल्माने टॉवेल घातला, चादर घातली, लायनेलचे पायजमे घातले, चिमट्यांची टोपली रिकामी झाली, आणि हा बाबा उभाच. शेवटी म्हणाला काय, तर, "फॉगर्टीला डॉक्टरकडे नेऊ. माझ्या गाडीतून." कोंबडी वाचवली की आपोआप सगळं धुऊन निघेल, असा हिशेब त्याने मनात बांधला होता. कसलं काय.

जनावरांची डॉक्टरीण तरुण होती, फार बोलणारी नव्हती. फॉगर्टीला भूल देऊन ती आत घेऊन गेली. बाहेर तिघं ओळीने बसले, लायनेल मधोमध, टोपी मांडीवर. भिंतीवर निरोगी कुत्र्यांची चित्रं होती आणि तो प्रत्येकाला नाव ठेवत होता. मधेच थांबून विचारायचा, "कुणाला बरं नाहीये?" थेल्माने सांगितलं की त्याचा चेहरा पडायचा, आणि न चुकता म्हणायचा, "पावाने. माझ्यामुळे." कोंबडी आजारी आहे हे तो विसरत होता, पण तिला आपण आजारी पाडलं हे एकदा कानावर पडलेलं काही केल्या विसरत नव्हता. क्लाइव आपल्या बुटांकडे बघत बसला.

डॉक्टरीण स्टीलचं तसराळं घेऊन बाहेर आली. "जगेल," ती म्हणाली. "पिशवी उघडून साफ केली, टाके घातलेत. काही दिवस भिजवलेले दाणे द्या, मऊ. अंगात जीव आला की अंडीही घालायला लागेल."

"पाव निघाला का फार?" थेल्माने विचारलं.

"पाव? पावाचा कणसुद्धा नव्हता. हे बघा."

तसराळ्यात गवताचा काळपट हिरवा, वळलेला गोळा होता. आंबूस वास येत होता. डॉक्टरिणीने चिमट्याने तो उसवला. आतून बोटाच्या पेराएवढे नायलॉनच्या दोरीचे दोन तुकडे निघाले, भडक नारिंगी. अंगणाच्या कडेचं गवत कापायच्या मशीनची, फिरता फिरता तुटून उडणारी दोरी. अख्ख्या गल्लीत नारिंगी दोरी एकट्या क्लाइवच्या मशीनला होती, आणि तिचे तुकडे आपल्या फुलझाडांत सापडतात म्हणून थेल्माने त्याला अनेकदा खडसावलं होतं.

तिने तुकड्यांकडे पाहिलं. मग क्लाइवकडे.

"तेही मीच घातलं असेन," लायनेल मधूनच म्हणाला. "मी काहीही घालतो. मला त्या टेकडीवर पाठव, थेल. खरंच."

"दोरी माझी आहे," क्लाइव म्हणाला. "गवतही माझंच. मी टाकलं कुंपणावरून. लायनेलने काही केलं नाही."

"ते दिसतंय मला," थेल्मा म्हणाली. "तुला कधी कळलं, तेवढं सांग."

आत्ताच, तुझ्याबरोबरच, असं म्हणता आलं असतं. ते उत्तर जिभेवर तयारही होतं.

"पहिल्या दिवशीच," तो म्हणाला. "तिला हात लावला तेव्हाच."

थेल्मा ओरडली असती, शिव्या घातल्या असत्या, तर त्याला हलकं वाटलं असतं. तिने भावाच्या डोक्यावर टोपी नीट बसवली, फॉगर्टीची पेटी उचलली आणि गाडीपर्यंत चालत गेली. घरी येईपर्यंत गाडीत फक्त लायनेल बोलत होता, रस्त्यातल्या बसथांब्यांची नावं सांगत.

थेल्माने वृद्धाश्रमाला नको म्हणून कळवलं. खुराड्याचं कुलूप काढून तिने कचऱ्याच्या डब्यात फेकलं. क्लाइवला वाटलं, चला, आपली लाज आपल्यापाशी राहिली, निदान त्या म्हाताऱ्याचं तरी सगळं पहिल्यासारखं झालं.

पण लायनेल खुराड्यात पाऊल टाकेना. दार सताड उघडं, आणि तो जाळीबाहेर. दाण्याचं भांडं थेल्माच्या हातात द्यायचा आणि दोन पावलं मागे सरायचा. तिने समजावलं, ओरडली, हात धरून ओढून पाहिलं. "नको," तो म्हणायचा, "मी त्यांना आजारी पाडतो." फॉगर्टी पुन्हा अंडी घालायला लागली तरी तेच. थेल्माने ऊन ऊन अंडं त्याच्या तळहातावर ठेवलं तर त्याने ते घाईने परत दिलं.

म्हणून क्लाइव आता रोज सकाळी कुंपण ओलांडून जातो. थेल्मा त्याला चहा विचारत नाही, आणि तोही मागत नाही. जाळीपाशी लायनेलच्या शेजारी उभा राहतो आणि पहिल्यापासून सांगतो. गवत माझं होतं. दोरी माझी होती. मला ठाऊक होतं आणि मी तुझ्यावर खोटा आळ घेतला. तू पाव घातलाच नव्हतास, लायनेल. सगळं रोज नव्याने, कारण कालचं शिल्लक नसतं.

लायनेल नीट ऐकून घेतो. एक शब्द निसटू देत नाही. मग क्लाइवच्या खांद्यावर हात ठेवतो.

"फार भला माणूस आहेस तू, गड्या," तो म्हणतो. "माझ्यासाठी कोण एवढं आपल्या अंगावर घेईल."